आक्कांनी होडी पालथी घातली तो उन्हाळा

चैत्र सरत आला की आमच्या सोसायटीत गेट, जिन्याचे कठडे, मुलांची घसरगुंडी असं काहीबाही रंगवायला काढतात. यंदाही काढलं. सकाळी चहाचा कप घेऊन गॅलरीत उभा होतो, तर खाली एक माणूस पॉलिश पेपरनं गेट घासत बसलेला. खर्र, खर्र, मग थांबणं, मग फुंकर, पुन्हा खर्र. मोशीतल्या आमच्या मजल्यापर्यंत येईतो तो आवाज बारीक झाला होता, तरी मला ओळखू आला. चहा हातातच निवला. आतून सुनंदा, माझी बायको, म्हणाली, "आक्का आठवल्या ना?" तिच्याही कानावर तोच आवाज पडला होता.

प्रत्येकाचा एखादा उन्हाळा असतो. कुणाचा आमराईतला, कुणाचा निकालाची वाट पाहण्याचा. परभणीकडचे माझे लहानपणचे उन्हाळे एकमेकांत मिसळून गेलेत. धुळीची वावटळ, अंगणातली बाज, दुपारची सुस्ती, यांतलं कुठलं कुठल्या वर्षीचं ते आता सांगता येत नाही. पण मोठेपणी एक उन्हाळा असा मिळाला, की तो नुसता आठवला तरी वासासकट उभा राहतो. टर्पेंटाइनचा वास, तापलेल्या धातूचा वास, आणि नदीवरून वाऱ्याबरोबर येणारा कुजत चाललेल्या जलपर्णीचा हिरवट, ओला वास. त्या उन्हाळ्यात साठीच्या एका बाईनं अ‍ॅल्युमिनियमची होडी एकटीनं पालथी घातली, तिचा तळ खरवडला आणि नव्यानं रंगवला. मी शेजारी राहत होतो, म्हणून मला ते पाहायला मिळालं.

तेव्हा आम्ही देहूच्या पुढं, इंद्रायणीच्या काठावरच्या एका गावात भाड्यानं राहत होतो. माझी कंपनी महाळुंग्याला. गाड्यांना लागणारे रबराचे भाग तिथं होतात, आणि मी ते तपासतो. बहुतेक वेळा सेकंड शिफ्ट असायची, त्यामुळे सकाळ माझी. घरमालक जुने गावकरी होते. जमीन बरीचशी कंपन्यांच्या भिंतींआड गेलेली, नदीलगतचा एक तुकडा तेवढा राहिलेला. घरामागं मोठं अंगण, अंगणात जुना कडुनिंब, पलीकडं उतार, आणि उतार संपला की नदी. मालकांना सारा गाव तात्या म्हणायचा आणि मालकीणबाईंना आक्का. एकच मुलगी, ती मंचरला दिलेली.

होडी तात्यांची. धरणावरचं कुठलंसं बोटिंग बंद पडलं तेव्हा त्यांनी ती टेम्पोत घालून आणली होती. लहानशीच, चार-पाच माणसं दाटीवाटीनं बसतील एवढी. आक्का तिला 'जर्मनची होडी' म्हणायच्या, अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्याला जर्मनचं पातेलं म्हणावं तसं. तात्या तिच्यातून मासे धरायचे, पलीकडून गवताचे भारे आणायचे. पण गावात ती होडी ओळखली जायची ती वेगळ्याच कामासाठी. उताराच्या तळाशी, नदीच्या वळणावरच्या खोलगटात, पत्र्याच्या खोल्यांची एक रांग होती. बीड, लातूर, नांदेड, आमची परभणी, असे कुठकुठले लोक कंपन्यांमध्ये काम करायला आलेले आणि स्वस्त भाडं म्हणून तिथं राहिलेले. धरणातून पाणी जास्त सोडलं की नदी त्या खोलगटात शिरायची. तिथं पाण्याला ओढ नसायची. ते नुसतं फुगत जायचं आणि उभं राहायचं, पण उभं राहायचं ते कमरेपर्यंत, कधी छातीपर्यंत. अशा वेळी तात्या होडी काढायचे आणि एकेक कुटुंब वर शाळेत आणून सोडायचे. त्याबद्दल कुणी फार बोलायचं नाही. पाऊस आला की छत्री निघते, तशी ती होडी निघायची.

मग तात्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळलं. होडी गोठ्याच्या कडेला पडून राहिली. पुढच्याच पावसाळ्यात नदी आली. होडी नदीपाशी नेऊन पाहिली, तर तळातून कारंज्यासारखं पाणी आत यायला लागलं. खालचे लोक पत्र्यांवर चढून बसले. अग्निशमन दलाच्या बोटींना त्या दिवशी सगळीकडूनच बोलावणी होती. त्यांची बोट पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. कुणी दगावलं नाही, सगळे सुखरूप आले. पण दिवसभर त्यांच्या हाका उतारावरून वर येत होत्या, आणि तात्यांची खाट पडवीतच होती. आक्कांनी हे सुनंदाला एकदाच सांगितलं, भाजी निवडता निवडता: "दिसभर भिताडाकडं तोंड करून पडलं हुतं. पानी दिलं तर घेतलं न्हाई."

होळी झाली आणि एका सकाळी आक्कांनी होडी गोठ्यातून बाहेर काढली. खाली प्लॅस्टिकच्या पायपांचे तुकडे टाकायचे, होडी थोडी पुढं ढकलायची, मागं सुटलेला तुकडा उचलून पुन्हा पुढं आणून ठेवायचा. अंगण ओलांडायला सकाळ गेली. मी दात घासत उभा होतो. मला वाटलं, भंगारवाला येणार असेल. दुसऱ्या दिवशी पाहतो तर होडी विटांवर ठेवलेली, आणि आक्का नळाची पाईप लावून तिच्यात पाणी भरतायत. भरून झाल्यावर त्या पोत्यावर आडव्या होऊन होडीखाली सरकल्या. थोड्या वेळानं आतूनच त्यांनी सुनंदाला हाक मारली आणि नेलपेंट आहे का विचारलं. सुनंदा लाल बाटली घेऊन धावली. जिथं जिथं थेंब धरत होता तिथं आक्का पदरानं पुसून लाल ठिपका देत होत्या. बाहेर आल्या तेव्हा चेहरा, केस सगळं भिजलेलं. "चाळणी झालीया," एवढंच म्हणाल्या, आणि पाणी उपसायला लागल्या.

आता होडी पालथी घालायची होती. रिकामी असली तरी ती दोन माणसांना सहज हलणारी नव्हती, एकट्या बाईला तर नाहीच. पहिल्या दिवशी आक्कांनी बांबूचा टेकू करून एक कड उचलायचा प्रयत्न केला. कड वर आली की खाली वीट सारायची, पुन्हा उचलायची, पुन्हा वीट. तिसऱ्या-चौथ्या विटेला बांबू निसटला आणि होडी दणकन खाली आली. तो आवाज ऐकून मी बनियनवरच धावत बाहेर आलो. आक्का कोपर चोळत उभ्या होत्या. मी म्हणालो, पलीकडच्या खोलीतल्या दोघांना बोलावतो, मी एका बाजूनं धरतो, चुटकीसरशी होईल.

त्या नाही म्हणाल्या. मी पुन्हा आग्रह केला. तेव्हा त्या बांबू उचलत शांतपणे म्हणाल्या, "दिगंबर, नदी येईल तवा तुमी समदी कंपनीत असशाल. म्या हाका कुनाला मारू?"

"पण आक्का, नदीत काय होडी पालथी घालायची नाही."

माझं म्हणणं त्यांना पटलेलं दिसलं. मग म्हणाल्या, "व्हय. पर तिचं वजन माज्या हाताला ठावं पायजे. आजवर ते त्यांच्याच हाताला ठावं हाय."

मी पडवीकडं पाहिलं. तात्या खाटेवर उशीला टेकून बसले होते आणि होडीकडं बघत होते. मी आत गेलो आणि पुन्हा मदतीचं नाव काढलं नाही. खरं सांगायचं तर त्यानंतर मला मदत करण्यापेक्षा पाहण्यातच जास्त गोडी वाटायला लागली.

दोन-तीन दिवस आक्कांनी होडीला हातच लावला नाही. मग कुठूनतरी विहिरीची जुनी कप्पी काढली. विहीर केव्हाच जमिनीबरोबर गेली होती, कप्पी मात्र त्यांनी ठेवली होती. शिडी लावून त्यांनी ती कडुनिंबाच्या जाड फांदीला बांधली. एक दोर होडीच्या एका कडेला बांधून कप्पीवरून घेतला आणि त्याचं टोक झाडाच्या बुंध्याला गुंडाळलं. त्याच कडेला दुसरा दोर बांधून तो उलट्या बाजूला, गोठ्याच्या खांबाकडं नेला. ज्या बाजूला होडी पडणार तिथं जुने टायर मांडले. मला आधी काही उमगलं नाही. मग ध्यानात आलं: पहिला दोर होडी उचलणार, दुसरा तिला पडताना सावरणार. माणूस एकच, पण धरून ठेवायला झाड होतं आणि खांब होता.

सकाळचं ऊन अजून कोवळं होतं. आक्कांनी पदर खोचला आणि दोर ओढला. होडीची कड वीतभर उचलली. लगेच त्यांनी सैल झालेला दोर बुंध्याभोवती आवळून घेतला, हात झटकले, श्वास घेतला, पुन्हा ओढला. घाई म्हणून कुठं नाही. माझ्यासारखा माणूस उचल म्हटलं की अंगातली सगळी ताकद एकदम लावतो. आक्का ताकद पुरवून वापरत होत्या. तात्यांच्या डाव्या हातात स्टीलचा पेला होता. बोलणं नीट उमटत नसे, म्हणून दोघांनी मिळून खूण ठरवली असावी. पेला खाटेच्या लोखंडी दांडीवर एकदा वाजला की थांबायचं. होडी हळूहळू उभी होत गेली, अगदी काटकोनात आली, आणि पेला वाजला. आक्का जागच्या जागी थबकल्या. होडीखालचा एक टायर सरकला होता. त्यांच्या बाजूनं तो दिसत नव्हता, तात्यांना दिसत होता. दोर पक्का करून त्या वळसा घालून गेल्या, पायानं टायर आत ढकलला, आणि तात्यांकडं पाहिलं. तात्यांनी मान हलवली.

मग त्यांनी उभ्या होडीला खांदा लावला. ती डुलली, पलीकडं कलली, आणि दुसरा दोर ताठ झाला. आता सगळा भार खांबावर. आक्का खांबापाशी गेल्या आणि दोर थोडा थोडा सोडत राहिल्या. होडी टायरांवर टेकली तेव्हा जेमतेम आवाज झाला, रिकामं घमेलं मातीवर ठेवावं एवढा. आक्का तिथंच खाली बसल्या आणि त्यांनी पदर तोंडावर घेतला. मला वाटलं रडतायत. जवळ गेलो तर हसत होत्या. तिकडं पडवीत तात्या पेला नुसता वाजवत सुटले होते.

त्या दिवशी कंपनीत जेवणाच्या सुट्टीत मी हे सगळं सांगितलं. कुणी म्हणालं बाई भारी आहे राव, कुणी म्हणालं हट्टी आहे. मला दोन्ही पटलं.

त्यानंतर खरवडणं सुरू झालं. साडीवर तात्यांचा जुना शर्ट, डोक्याला टॉवेल, डोळ्यांवर तात्यांचाच काळा गॉगल, कारण रंग निघाला की खालचा धातू उन्हात डोळे दिपवायचा. निळा रंग, त्याखाली हिरवा, त्याखाली बोटिंगवाल्यांचा पांढरा. आक्का आधी पटाशीनं पोपडे काढायच्या, मग पॉलिश पेपरनं घासायच्या. ऊन तापलं की काम बंद. धातूला हात लावता यायचा नाही. कामाच्या वेळी दोघांचं बोलणं चालायचं. तळाला खूप पोचे होते, आणि आक्का एकेका पोच्यावर हात ठेवून विचारायच्या, ह्यो कशाचा? तात्या तुटक तुटक सांगायचे. हा पुलाच्या दगडाचा. हा एका म्हशीचा. पुरातून तिला दोरानं ओढून आणताना ती बिथरली आणि तिनं ढुशी दिली. डॉक्टरांनी त्यांना रोज बोलत राहायला सांगितलं होतं, पण तोवर ते कंटाळा करायचे. त्या उन्हाळ्यात त्यांचे शब्द जरा सुटे झाले. आक्का हे मुद्दाम करत होत्या की त्यांना खरंच पोच्यांबद्दल जाणून घ्यायचं होतं, ते मला आजही सांगता येणार नाही. दोन्ही असेल.

लाल ठिपक्यांच्या जागा लुकण, म्हणजे भोकं बुजवायची लांबी, भरून बुजवल्या. मग घरात गेटसाठी आणलेला तांबडा प्रायमर होता, तो लावला, वर निळा ऑइल पेंट. होडी आंघोळ घातल्यासारखी चकाकायला लागली. मुलगी मंचरहून आली होती, तिनं फोटो काढले. चार-सहा दिवसांनी मी सकाळी उठून पाहतो तर आक्का होडीपाशी उकिडव्या बसलेल्या. रंगाला फोड आले होते. त्यांनी एका फोडाला नख लावलं, आणि दुधावरची साय निघावी तसा हाताएवढा पापुद्रा निघून आला. खाली धातू कोरा. दुसरीकडं नख लावलं, तिथंही तेच.

त्या दिवशी चूल पेटली नाही. सुनंदानं डबा नेऊन दिला. आक्का दुपारभर आतल्या खोलीत पडून राहिल्या. तात्या पडवीत एकटे. मला वाटलं, संपलं. हाताला भेगा पडेपर्यंत केलेलं काम असं सोलून निघाल्यावर मी तरी पुन्हा तिकडं फिरकलो नसतो.

दुसऱ्या दिवशी आक्का त्यातलाच एक पापुद्रा रुमालात बांधून चाकणला गेल्या. रंगाच्या दुकानदारानं तो पाहिला आणि सांगितलं, की तांबडा प्रायमर लोखंडासाठी असतो, अ‍ॅल्युमिनियमवर तो धरत नाही. त्याला दोन डब्यांचं मिश्रण करून लावायचा वेगळा प्रायमर येतो, आणि तो कालवला की बघता बघता घट्ट होतो. आक्का डबे घेऊन आल्या, आणि मी काही विचारायच्या आतच मला म्हणाल्या, "लोखंडाचा रंग जर्मनला लावला म्या. माजंच चुकलं." आवाजात कुणावर राग नव्हता, स्वतःवरही नव्हता. चहा घेतला आणि पटाशी शोधायला गेल्या.

त्या उन्हाळ्यातलं मला सगळ्यात मोठं काही वाटलं असेल तर ते हे दुसरं खरवडणं. होडी पालथी घातली त्या दिवशी बघायला आम्ही होतो, हसू होतं, पेला वाजत होता. दुसऱ्यांदा खरवडताना कुणीच नव्हतं. मुलगी परत गेली होती, वैशाखाचं ऊन चढलेलं, सकाळचा कामाचा वेळही आखूडला. तेच पोपडे, तोच तळ, तेच घासणं. एखादं काम पहिल्यांदा करताना पुढं काय होईल याची हौस असते. तेच काम पुन्हा करताना फक्त काम असतं. मी शिफ्टला निघताना रोज फाटकापाशी थांबून बघायचो. आक्का वर न बघता हात हलवायच्या. कधी कधी आयुष्यात कंटाळवाणं काही पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं, तेव्हा मला तो वर न बघता हललेला हात आठवतो आणि मी निमूट बसतो.

नवा प्रायमर त्यांनी वाटीवाटीनं कालवला. एका वाटीत होडीचा जेवढा भाग होईल तेवढाच करायचा, मग दुसरी वाटी. भल्या सकाळी, धातू गार असताना. तो धरला. नखानं निघेना, पटाशीनंही निघेना. वरच्या रंगावरून मात्र घरात भांडण झालं. तात्यांना निळाच हवा होता. त्यांची होडी कायम निळी. आक्कांचं म्हणणं, नदी जलपर्णीनं हिरवी, पुरात गढूळ, त्यात होडी लांबून दिसली पाहिजे. दोन दिवस तात्यांनी अबोला धरला. शेवटी आक्कांनी बाहेरून केशरी दिला आणि आतून निळा. तात्या म्हणाले, असली होडी कुठं असती का. पण बोलले.

होडी पुन्हा सुलटी करणं सोपं गेलं; आता आक्कांच्या हातांना तिचं वजन माहीत होतं. वैशाखाच्या शेवटी त्यांनी ती नदीत लोटली. मग जवळजवळ रोज सकाळी नदीत तो केशरी ठिपका दिसायचा. वल्ही मारायला त्या तिथंच शिकल्या. आधी होडी गोल गोल फिरायची. काठावरचे लोक हसायचे, आक्काही हसायच्या. हळूहळू ती सरळ जायला लागली.

नदी श्रावणात आली. माझी आई तेव्हा परभणीहून आमच्याकडं आली होती. खालच्या पत्र्याच्या खोल्यांत तिला आमच्याच तालुक्यातली एक बाई भेटली होती, आणि दोघींच्या गप्पा संपत नसत. आदल्या संध्याकाळी आई तिच्याकडंच मुक्कामाला राहिली. त्या आठवड्यात माझी फर्स्ट शिफ्ट. सकाळी सुनंदाचा फोन आला की धरणातून पाणी सोडलंय आणि खालच्या खोल्यांत शिरलंय. सुपरवायझरनं एक शब्द न विचारता मला सोडलं. मोटारसायकल कशी चालवली आठवत नाही.

पोचलो तेव्हा पाणी उताराच्या मध्यावर आलं होतं. पत्रे तेवढे वर दिसत होते आणि पत्र्यांवर माणसं. पाण्यावर केशरी होडी चालली होती, त्यात दोन बायका, लहान मुलं आणि वल्ह्यांवर आक्का. माणसं उतरली, आक्का वळल्या. मी विचारलं, माझी आई? त्या म्हणाल्या, "लेकरं आदी न्या म्हनाली. हाय वर बसलेली. आनते."

मला पोहता येत नाही. मी गुडघाभर पाण्यात उभा राहून बघत होतो. होडी पत्र्याला टेकली. आईनं पाय पुढं टाकला आणि मागं घेतला, पुन्हा टाकला, पुन्हा घेतला. आयुष्यात ती कधी होडीत बसलेली नव्हती. आक्का काहीतरी बोलल्या आणि आई खाली उतरली. येताना मधल्या टप्प्यावर जलपर्णीचा मोठा पुंजका वाहत आला आणि होडीला बिलगला. वल्हं अडकलं, होडी आडवी व्हायला लागली. मी हाक मारली असेन, मला आठवत नाही. आक्कांनी वल्हं सोडलं, पायाशी ठेवलेला विळा घेतला आणि कडेवरून वाकून मुळं कापायला लागल्या. होडी त्या बाजूला झुकली, आई दुसऱ्या बाजूला गच्च बसलेली. बराच वेळ, निदान मला तसं वाटलं, ती तशीच झुकून राहिली. मग पुंजका सुटला आणि पुढं गेला.

होडीचं नाक मी दोन्ही हातांनी धरलं. गार, गुळगुळीत. आई उतरली आणि पहिलं काय बोलली तर, "भिऊ नको रे, मी बरी हाय." आक्कांनी काय सांगितलं होतं ते तिनं नंतर सांगितलं: पान्याकडं बघू नका, माज्याकडं बघा. परभणीला गेल्यावर आई हे ज्याला त्याला सांगायची, आणि सांगताना समोरच्याचा हात धरायची. दुपारी अग्निशमन दलाचे जवान आले आणि त्यांनी पलीकडच्या वळणावरची माणसं काढली. अलीकडची सगळी आक्कांनी आणली होती.

तात्या मागच्या वर्षी गेले. आम्ही मोशीला राहायला आलो, पण जाणं-येणं आहे. आक्का अजूनही उन्हाळ्यात होडी पालथी घालतात. यंदा फोनवर म्हणाल्या, गुडघा दुखतो, पण दोन-चार दिवस उशिरानं का होईना, होईल. मदतीला येऊ का, असं मी म्हणालो नाही. बघायला येतो म्हणालो.

नदी आली त्या दिवसाची संध्याकाळ मात्र मला सगळ्यात जास्त आठवते. वीज गेलेली, पण आभाळात अजून उजेड होता. सुनंदानं आक्कांच्याच चुलीवर पिठलं-भाकरी केली आणि पडवीत तात्यांच्या खाटेपाशी ताटं मांडली. आक्का खाटेच्या कडेला बसल्या. तात्या दिवसभर तिथंच होते. हाका ऐकत होते, वल्ह्यांचा आवाज ऐकत होते. त्यांनी एकच शब्द विचारला, "गळली?"

"वाईच," आक्का म्हणाल्या. "मागल्या अंगाला, डावीकडं. फुडल्या उनाळ्यात बघते."

तात्यांनी मान हलवली. आक्कांनी भाकरीला हात घातला. बोटं मिटेनात. दिवसभर वल्ही धरून तळहात सोलले होते. भाकरीचा तुकडा निघेना, निघाला तो ताटात पडला. त्यांनी हात मांडीवर ठेवून दिले आणि नुसत्या बसून राहिल्या. त्यांनाच गंमत वाटत असावी.

तेव्हा तात्यांनी डाव्या हातानं ताट स्वतःकडं ओढलं. झटका आल्यापासून त्यांना आक्काच भरवत होत्या. त्यांनी ताटाच्या कडेशी भाकरी दाबून धरली, एका हातानं कसाबसा तुकडा मोडला, पिठल्याला लावला, आणि उचलून आक्कांच्या तोंडाशी धरला. थोडं पिठलं चादरीवर सांडलं. आक्का पुढं वाकल्या आणि त्यांनी घास घेतला. तात्या पुढचा तुकडा मोडायला लागले. आई, सुनंदा आणि मी आपापली ताटं उचलली आणि आत जाऊन जेवलो.